कोल्हापूरची वसतिगृहे आणि विद्यार्थी-जीवनातील बंधुता

शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळणे आणि तेथे माणूस म्हणून मान मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवीने दार उघडले होते, मने उघडली नव्हती. हे अंतर कसे मिटवावे, याचा प्रयोग त्याच काळात करवीर नगरीत चालू होता. त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

खेड्यातील गरीब मुलास शहरात राहावयास जागा नाही, म्हणून तो शिकत नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग निघाले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांची वसतिगृहे महाराजांच्या आश्रयाने उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. आमच्या कित्येक पूर्वजांना पहिला निवारा मिळाला तो अशा छपरांखाली.

परंतु ही छपरे जातवार होती. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील तेव्हा कोल्हापुरात शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची आज्ञा त्यांना झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिक्षण घेणाऱ्यांच्या वस्तीतही विटाळ जिवंत होता!

महाराजांनी १९१९ साली पुढचे पाऊल टाकले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. सार्वजनिक संस्थांत भेदभाव करू नये आणि ज्या नोकरांना हे मान्य नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, असेही त्यांनी बजावले. या हुकुमाचे मर्म आम्हांस असे दिसते की, सहन करण्याची जबाबदारी त्यांनी विद्यार्थ्यावर टाकली नाही. बदलण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली.

तिसरे पाऊल भाऊरावांनी टाकले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले आणि पुढे त्यास शाहू महाराजांचेच नाव दिले. तेथे मुले एकत्र राबली, एकत्र शिजवू लागली, एका पंगतीस जेवली.

धम्माच्या अभ्यासकास हे नवे वाटणार नाही. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले, तेव्हा आपला अभिमान गळावा म्हणून त्यांनी तथागतांना विनंती केली की, आधी उपाली नाभिकास दीक्षा द्यावी. म्हणजे त्यास वंदन करणे आम्हांस प्राप्त होईल. संघात नम्र व्हावे लागले ते वरच्यांना, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आज परिस्थिती काय आहे? २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणात समतेसाठी नियम केले. त्यानंतरही २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा अंत झाला. नियम अत्यावश्यक आहेत; त्यांच्या अंमलबजावणीचा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पण आडनाव विचारून मैत्री ठरविणे, प्रवेश राखीव जागेतून झाला म्हणून उपहास करणे, भोजनगृहात एखाद्यास एकटे पाडणे, हे सारे कागदावर येण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या वर्तनात घडत असते. तेथे शीलाची कसोटी लागते.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. आपल्या वसतिगृहांत पोटजातीचे गट पडत असतील, भटक्या-विमुक्तांचा, आदिवासींचा मुलगा संकोचाने कोपऱ्यात बसत असेल, मुलींच्या मतास किंमत नसेल, तर आपणही उपालीपुढे वाकलेलो नाही.

छप्पर राजर्षींनी दिले, हक्क बाबासाहेबांनी संविधानात लिहिले. पंगत मात्र प्रत्येक पिढीने स्वतः मांडावयाची असते. यंदा नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास शेजारी बसवून आपण तिचा आरंभ करू या.