तळटीप : एम. डी. (रेडिएशन ऑन्कॉलॉजी)
एमबीबीएसनंतर नीट-पीजीतून प्रवेश मिळणारा, किरणांनी कर्करोगावर उपचार करण्याचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम. प्रबंधही लिहावा लागतो. एक्स-रे वाचणारे रेडिओलॉजिस्ट वेगळे, पण नातेवाइकांची गल्लत ठरलेलीच. परळच्या टाटा रुग्णालयात (स्थापना १९४१) असो वा अन्यत्र, निवासी डॉक्टरचा बराच वेळ संगणकापुढे जातो : सीटी स्कॅनच्या एकेका स्लाइसवर गाठीची हद्द आखायची, शेजारचा मज्जारज्जू, लाळग्रंथी वेगळ्या रंगांत दाखवायच्या. हे काम कमालीचे किचकट. किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात, स्तनाच्या कर्करोगात पूर्वी ५० ग्रे २५ सिटिंगमध्ये देत, आता बहुधा ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये. मात्रेचे गणित भौतिकतज्ज्ञ मांडतो, मंजुरीची सही मात्र डॉक्टरची. डीएमआरटी ही याच विषयातली जुनी २ वर्षांची पदविका.