पातळी आणि माणूस

अक्कलकुवा तालुक्याची उत्तर सीमा म्हणजे नर्मदा. तिच्या काठावरचे मणिबेली हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव. या धरणाने महाराष्ट्रातली जी ३३ गावे बाधित झाली, ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच तेथवर चढले. पण त्याआधी कित्येक वर्षे इकडच्या माणसांच्या तोंडी ‘पातळी’ हा शब्द बसला होता. मोजणीदाराच्या रेषेच्या आत ज्याचे घर तो प्रकल्पग्रस्त, बाहेर ज्याचे तो नव्हे. रेषेबाहेरच्या एखाद्या टेकडीला पाण्याने चोहोबाजूंनी वेढा घातला, तरी तिच्यावरचे घर कागदोपत्री कोरडेच! आकडा खोटा नव्हता. पण आकड्याने सारे सांगितले असेही नव्हते.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, अलीकडे माणसाच्या मनालाही अशीच पातळी लावण्याचा प्रघात पडला आहे. स्वमग्न मुलाच्या आईबापांना आज पहिला प्रश्न येतो तो हाच : ‘कितवी पातळी?’ वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. पण दिवाळीला घर माणसांनी भरते, आणि भरल्या घरात कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसलेले एखादे मूल आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेले असते. त्या मुलावर कोणकोणते शिक्के कसकसे बसत आले, त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

जुन्या काळी निवाडा सोपा होता. १८८१ च्या खानेसुमारीत व्यंगांचे रकाने चार : वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. न बोलणारे, आपल्याच नादात डुलणारे मूल पहिल्या रकान्यात जाई, नाही तर दुसऱ्यात, किंवा कोठेच जात नसे. ही पद्धत १९३१ पर्यंत चालली. १९१२ च्या कायद्याने तर जन्मतः मंद बुद्धी असलेला आणि ज्याचे चित्त बिघडले आहे तो, या दोघांनाही ‘वेडा’ याच एका व्याख्येत बसविले. घरच्या बोलीत ‘देवभोळा’, ‘खुळा’, ‘वेडसर’ असे शब्द होते. त्यांत माया असेल. ओळख मात्र नव्हती.

‘स्वमग्नता’ या शब्दाचे मूळ युरोपातले. स्वित्झर्लंडचे मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ग्रीक भाषेतल्या ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दापासून ‘ऑटिझम’ हे नाव घडविले, पण ते छिन्नमनस्क प्रौढांसाठी. मुलांच्या संदर्भात त्याला आजचा अर्थ दिला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी. १९४३ साली त्यांनी अकरा मुलांची हकीकत छापली : आठ मुलगे, तीन मुली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत बोलणारी, रोजच्या क्रमात जरा फरक पडला की कासावीस होणारी ही मुले होती.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी अशाच, पण बोलक्या आणि हुशार मुलांचे वर्णन केले. येथे वर्गवारीचा एक भयंकर अध्याय येतो. नाझी राजवटीत मुलांची विभागणी ‘शिकविता येण्याजोगी’ आणि ‘न येण्याजोगी’ अशी होत असे. दुसऱ्या वर्गात टाकलेल्या मुलांपैकी कित्येक व्हिएन्नाच्या आम श्पीगेलग्रुंड या संस्थेत गेली. तेथे जवळजवळ आठशे मुलांचे जीव घेण्यात आले. आस्पेर्गर यांनीही तेथे मुले धाडली होती, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघड केले. चिठ्ठीवरच्या एका शब्दाने मूल वाचावे किंवा मरावे, असाही काळ होऊन गेला.

नेमक्या त्याच १९४४ साली मुंबईत होर्मसजी आणि जेरबाई वकील या पारशी दांपत्याने आपल्या दीना या मुलीसाठी शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. १९६४ साली पुण्यात ‘कामायनी’ उभी राहिली. या शाळा ‘मतिमंद’ मुलांसाठी म्हणून ओळखल्या गेल्या; आज तो शब्द आपल्याला बोचतो. पण व्हिएन्नातल्या शिक्क्याने दार बंद झाले, आणि येथल्या शिक्क्याने ते उघडले. तेव्हा शिक्का स्वतः भला नव्हे की बुरा नव्हे. तो कोणत्या दारावर बसतो, हे पाहायचे.

१९७९ मध्ये लंडनच्या कँबरवेल भागातल्या मुलांची पाहणी करून लॉर्ना विंग आणि जुडिथ गूल्ड यांनी दाखविले की, ही मुले वेगवेगळ्या कप्प्यांत बसत नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छटा आहेत. विंगबाईंची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. घरातल्या अनुभवाची जोड त्या विद्वत्तेला होती. पुढे २०१३ साली अमेरिकेच्या मनोवैद्यांनी आपल्या निदानग्रंथात निरनिराळी नावे काढून टाकून एकच नाव ठेवले, आणि त्याला तीन पातळ्या जोडल्या. पहिली, मदत लागते ती. दुसरी, पुष्कळ मदत लागते ती. तिसरी, फारच मोठी मदत लागते ती.

येथे दोन गोष्टी सहसा ध्यानात घेतल्या जात नाहीत. पहिली ही की, पातळी एक नसून दोन द्यावयाच्या असतात : एक लोकांशी संवादाची, दुसरी ठरावीक वागण्याच्या हट्टाची. एकाच मुलाची पहिली तीन आणि दुसरी एक असू शकते. दुसरी ही की, ही तीव्रता प्रसंगाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलते, आणि केवळ तिच्यावरून कोणाला सोयी द्यायच्या ते ठरवू नये, असे तो ग्रंथ स्वतःच बजावतो.

आपल्याकडे मात्र सोयी ठरतात त्या आकड्यावरूनच. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. २००९ मध्ये स्वमग्नता मोजण्याचे भारतीय माप तयार झाले. त्यात ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेला स्थान दिले, आणि राखीव जागांसारख्या सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आखली. शेवटी रेषा आलीच!

आता कल्पना करा. मोलगीच्या पलीकडे एखाद्या पाड्यावर सहा वर्षांचा एक मुलगा आहे. घरात भिलोरी बोलतात. शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरला, म्हणजे आदिवासी मुलखातच, सुरू झाला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. पथकाने चिठ्ठी दिली. बाप मुलाला घेऊन घाट उतरून, अक्कलकुवा, तळोदा करीत नंदुरबारला गेला. नवी जागा, गर्दी, डोक्यावर गरगरणारा पंखा, मराठीत विचारलेले प्रश्न. त्या दिवशी मूल किंचाळले नसते तरच नवल. बेरीज किती येईल? हाच मुलगा आपल्या पाड्यावर शेळ्यांमागे दिवसभर शांत असतो. कोणती शेळी कोणाची हे त्याला न चुकता कळते. ती बेरीज कोठल्या तक्त्यात मांडावी?

याचा अर्थ त्या बापाने दाखला घेऊ नये असा मुळीच नव्हे. दाखला जरूर घ्यावा. तो हक्काचा आहे आणि त्यावाचून कित्येक दारे उघडत नाहीत. तपासणाऱ्याला घरची बोली येत नसेल तर येणारा माणूस सोबत न्यावा, मूल घरी काय करते ते सांगावे, कालांतराने फेरतपासणी मागावी. दाखल्यावरचा आकडा आज, येथे, किती मदत हवी ते सांगतो. उद्या हे मूल कोण होईल, ते तो सांगत नाही.

याची साक्ष कॅनर यांच्या अकरा मुलांतलाच पहिला मुलगा देतो. डोनाल्ड ट्रिपलेट हे त्याचे नाव. तीन वर्षांचा असताना त्याला एका संस्थेत ठेवले होते. आईबापांनी त्याला परत आणले. पुढे काही वर्षे तो एका कुळाच्या शेतावर, त्या नवराबायकोपाशी राहिला. त्याला मोजण्याचे वेड होते. त्या शेतकऱ्याने ते मोडले नाही. विहिरीचे काम देऊन तिची खोली मोजायला लावली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजू लागला, तेव्हा हातात नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोज म्हटले. हाच डोनाल्ड १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस राहिला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. स्वमग्नता अखेरपर्यंत त्याच्यासोबत होती. उलट, त्या अकरांपैकी जी मुले संस्थांच्या चार भिंतींत राहिली त्यांचे तेज तेथेच विझले, अशी खंत १९७१ साली खुद्द कॅनर यांनी नोंदविली.

प्रत्येक मूल डोनाल्ड होणार नाही, हेही खरे. काहींना जन्मभर हाताशी माणूस लागेल, आणि ते माणूस मिळणे हा त्यांचा तितकाच हक्क आहे. पण त्या शेतकऱ्याला पातळी ठाऊक नव्हती. त्याला मुलगा ठाऊक होता. मका सातपुड्यातही पिकतो.

असो. यंदा घरी असे एखादे मूल आले, तर कितवी पातळी हे विचारण्याआधी त्याला काय आवडते ते त्याच्या आईला विचारावे. फटाक्यांची माळ अंगणाऐवजी दूर मैदानात लावावी. आतल्या खोलीत एक पणती, हवा असेल तर एक शांत कोपरा त्याच्यासाठी ठेवावा. पणत्या मोजत तो तेथे बसला, तर मोजू द्यावे. कदाचित आपली एखादी मोजायची राहिली असेल.