ताजुद्दीन बाबा आणि सक्करदरा: पागलखान्यातून राजवाड्यात आलेल्या फकिराची ठिकाणं कुठे आहेत, कशी बघायची?

नागपूरमध्ये सक्करदरा म्हटलं की तलाव, बाजार आणि चौकातली गर्दी आठवते. पण या भागाची आणखी एक ओळख आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी देशभरातून लोक एका फकिराला भेटायला इथे येत होते. त्यांचं नाव सय्यद मोहम्मद ताजुद्दीन, म्हणजेच ताजुद्दीन बाबा. त्याआधी सोळा वर्षं ते सरकारी पागलखान्यात होते आणि तिथून त्यांना बाहेर काढलं ते नागपूरच्या भोसले घराण्यातल्या राजाने.

ही गोष्ट नेमकी काय आहे, आणि ती समजून घ्यायला आज कुठे जायचं?

ताजुद्दीन बाबा कोण होते?

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी नागपूरजवळच्या कामठीत झाला. कामठी ही ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. लहानपणीच आईवडील गेले आणि मामांकडच्या माणसांनी त्यांना वाढवलं. शिक्षण कामठीच्याच मदरशात झालं. विशीत ते सैन्यात भरती झाले आणि पलटणीबरोबर मध्य प्रदेशातल्या सागरला गेले. तिथल्या दाऊद मक्की यांच्या दर्ग्यात ते रात्र रात्र बसून राहायचे, असं त्यांच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं. पुढे नोकरी सुटली आणि ते कामठीला परतले.

इथून पुढे त्यांना कपड्यांचं, खाण्यापिण्याचं भान उरलं नाही. काही लोक त्यांना वेडा म्हणून दगड मारत, तर काही त्यांच्या पाया पडत.

त्यांना पागलखान्यात का टाकलं?

एकदा ते विवस्त्र अवस्थेत छावणीतल्या इंग्रजांच्या क्लबाजवळ गेले आणि तक्रार झाली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांची रवानगी नागपूरच्या पागलखान्यात झाली.

त्या वेळी १८५८ चा पागलखान्यांविषयीचा कायदा लागू होता. रस्त्यावर फिरणाऱ्या, वेड लागल्याचा संशय असलेल्या माणसाला पोलीस मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचे आणि तिथून त्याला पागलखान्यात पाठवता यायचं. माणूस आजारी आहे, विरक्त आहे की फक्त त्रासदायक वाटतोय, याचा निवाडा प्रशासन करत होतं. 

पण बाबा आत गेले तरी लोकांचं येणं थांबलं नाही. बाहेर रांगा लागू लागल्या.

मग राजवाड्याचा संबंध कुठे आला?

नागपूरचं भोसल्यांचं राज्य लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्येच खालसा केलं होतं. घराण्याकडे मान, जमीनजुमला आणि वाडे उरले होते, सत्ता नव्हती. या घराण्यातले राजे रघुजीराव भोसले बाबांचे भक्त होते. त्यांनी हमी लिहून दिली आणि सप्टेंबर १९०८ मध्ये बाबांना सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. ही हमी दोन हजार रुपयांची होती, असं चरित्रांमध्ये आढळतं.

एका हिंदू राजाने मुसलमान फकिराला आपल्या वाड्यात ठेवून घेतलं, याचं आज अनेकांना अप्रूप वाटतं. पण त्या काळच्या वऱ्हाड-नागपूरसाठी हे फार वेगळं नव्हतं. बाबांकडे येणाऱ्यांत मुसलमान, हिंदू, पारशी असे सगळेच होते. १९१५ मध्ये पुण्याचा एक पारशी तरुण, मेरवान इराणी, त्यांना भेटून गेला. पुढे तो मेहेरबाबा म्हणून ओळखला गेला. मेहेरबाबांनी ज्या पाच जणांना सद्गुरू मानलं, त्यांत शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज, पुण्याच्या बाबाजान आणि ताजुद्दीन बाबा यांचा समावेश होतो.

सक्करदऱ्यात बाबा सलग राहिले नाहीत. मधली बरीच वर्षं ते सावनेर तालुक्यातल्या वाकी गावात काशिनाथ पाटलांकडे होते. शेवटी ते पुन्हा सक्करदऱ्याला आले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचं निधन झालं.

आज काय बघता येतं?

*सक्करदरा:* बाबांचा जिथे मुक्काम होता, त्या वास्तूला भाविक लाल महाल किंवा लाल कोठी म्हणतात. छोटा ताजबागही याच भागात आहे.

*मोठा ताजबाग:* बाबांची समाधी उमरेड रोडवर आहे. भाविक जास्त करून इथेच येतात. डोकं रुमालाने किंवा ओढणीने झाकून आत जायची पद्धत आहे.

*वाकी:* हे ठिकाण कन्हान नदीच्या काठी आहे. बाबांनी इथल्या वेगवेगळ्या जागांना शाळा, दवाखाना, मशीद, परेडचं मैदान अशी नावं दिली होती. ज्याची जशी अडचण, तसं त्याला त्या जागी जाऊन बसायला सांगत. परिसर सुंदर आहे, पण पावसाळ्यात नदीपात्रात उतरू नका.

*प्रादेशिक मनोरुग्णालय:* बाबांच्या आठवणीमुळे भाविक याला 'पागलखाना शरीफ' म्हणतात. पण हे चालू रुग्णालय आहे, हे विसरू नका. परवानगीशिवाय आत फिरू नका आणि रुग्णांचे फोटो अजिबात काढू नका.

कधी जावं?

मुंबईत हाजी अलीला जाताना भरती-ओहोटी बघावी लागते, तसं इथे हिजरी कॅलेंडर बघा. बाबांचा उरूस मोहरमच्या २६ तारखेला असतो. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. संदलची मिरवणूक आणि गर्दी अनुभवायची असेल तर उरुसात जा. शांतपणे बसायचं असेल तर ते दिवस टाळा.

मानसिक आजार असलेल्या माणसाला इथे आणावं का?

बरीच कुटुंबं आणतात. पागलखान्यातून बाहेर आलेल्या बाबांकडे आपल्या माणसासाठी काही मागावं, असं वाटणं समजण्यासारखं आहे. श्रद्धेने आणायला हरकत नाही, पण त्यासाठी औषधं बंद करू नका.

तमिळनाडूत समुद्रकिनाऱ्यावर एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवणारी खासगी आश्रयस्थानं होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यातल्या एकाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळताही आलं नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. स्वतःच्या उपचाराबद्दल बोलण्याचा हक्कही त्याला आहे. १८९२ मध्ये बाबांना तो नव्हता.

मदत हवी असेल तर केंद्र सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.