दिनविशेष : ११ डिसेंबर

विलेपार्ल्याच्या मताचा निकाल

१९९५ साली याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणुकीचा आठ वर्षांचा वाद मिटवला. मतदान झाले होते १३ डिसेंबर १९८७ रोजी. डॉ. रमेश प्रभू निवडून आले आणि पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. पुरावा म्हणून समोर आली ती बाळासाहेब ठाकरे यांची प्रभूंच्या प्रचारातली भाषणे. त्यातले एक खारदांड्याला, शंकराच्या देवळाजवळ, मतदानाला चार दिवस उरले असताना झाले होते. धर्माच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट मार्ग ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली होती; न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. मात्र ‘हिंदुत्व’ या शब्दाचा अर्थ जीवनपद्धती असाही होऊ शकतो, हे याच निकालातले विधान. त्यावरचा वाद आजही धगधगता आहे, आणि तो व्हायलाच हवा.

खेदाची गोष्ट ही, की निकाल येईपर्यंत त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती. पार्लेकरांना न्याय मिळाला, पण फार उशिरा.

धर्म आणि निवडणूक यांच्या याच पेचातून तुर्कस्तानही तेव्हा जात होते. या निकालानंतर तेराच दिवसांनी, २४ डिसेंबरला, नेजमेत्तिन एर्बाकान यांचा धर्माधिष्ठित रेफाह पक्ष तिथे सर्वात मोठा ठरला. तिथल्या घटना न्यायालयाने उमेदवाराची निवड नव्हे, अख्खा पक्षच जानेवारी १९९८ मध्ये बरखास्त केला.