रोपावरचा दिवा आणि मजुराचा हात

सूर्य मावळला की झाडाचा दिवस संपतो, हा सृष्टीचा नियम. तो मोडण्याचा एक मोठा खटाटोप १८८० साली इंग्लंडात झाला. विल्यम सीमेन्स या जर्मनीत जन्मलेल्या यंत्रविशारदाने विजेचा आर्क दिवा लावून रोपे रात्रीही वाढविता येतात असे दाखविले आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. उघड्या दिव्याच्या प्रकाशाने पाने करपतात, मध्ये साधी काच धरली की ती वाचतात, हेही त्याच्या ध्यानात आले. रोपाला काय सोसते, याचा शोध असा एकदोन वर्षांत लागला. त्या दिव्याची तार हाताळणाऱ्या माणसाला काय सोसते, याचे समाधानकारक उत्तर मिळावयास मात्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आम्ही सांगणार आहोत तो इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

हा प्रश्न आज आपल्या दाराशी आला आहे. फुले लांबणीवर टाकण्यासाठी शेवंतीवर रात्री दिवे लावतात. बंद खोलीत मांडण्या रचून भाजीपाला, केशर पिकविण्याचे उद्योग निघाले आहेत. एका छपराखाली दहा-वीस दिवे रोज बारा-बारा तास जळतात. दिवा दिवस लांबवितो तेव्हा तो केवळ झाडाचा लांबत नाही, हे गिरणगावाला नव्याने सांगावयास नको. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले तसा कामाचा दिवस रात्रीत शिरला. १९०५ साली मजूर त्याविरुद्ध उठले आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले.

आता तारेकडे वळू. रस्त्यांवरचे आर्क दिवे एकामागे एक जोडलेले असत, त्यामुळे तारेतील दाब हजारो व्होल्टांवर जाई. १८८२ साली लंडनच्या विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे नियम छापले. त्यांचे शीर्षक होते विजेच्या दिव्यांमुळे होणाऱ्या आगीच्या धोक्याचे निवारण. आत माणसाच्या धोक्याचाही उल्लेख होता, परंतु शीर्षकात मान मिळाला तो आगीला. मालमत्तेला विमा असतो, आणि विमेवाल्याला आगीची भीती सर्वांआधी वाटते.

अमेरिकेत ११ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यूयॉर्कच्या भर वस्तीत जॉन फीक्स हा लाइनमन खांबावरील तारांच्या जाळ्यात चिकटून मेला. ज्या तारेला निरुपद्रवी समजून त्याने हात लावला, तिला दूर कोठे तरी दिव्यांची उच्च दाबाची तार टेकली होती. खाली हजारोंचा जमाव तो प्रकार पाहत होता. दोन वर्षांनी, १८९१ च्या नोव्हेंबरात, सेंट लुईस येथे वीज कामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हाही लाइनमनच. १८९६ साली वॉशिंग्टनला खांबावर काम करीत असता विजेचा धक्का बसून तो पडला आणि मरण पावला. सुरक्षिततेची मागणी करणारी संघटना ज्याने उभी केली, त्यालाच ती सुरक्षितता लाभली नाही. पुढच्याच वर्षी, १८९७ साली, अमेरिकेत वायरिंगची पहिली राष्ट्रीय नियमावली निघाली. तहान लागल्यावर विहीर खणावी, तसाच हा सारा प्रकार. फरक एवढाच, की येथे तहानेने मेलेला एक असे आणि पाणी प्यावयाचे ते दुसऱ्याने.

कोणी म्हणेल, फ्यूज तर तेव्हापासून होताच. होता, पण फ्यूज तारेला वाचवितो, माणसाला नव्हे. पंधरा अँपियरचा फ्यूज पंधरा अँपियर वीज खुशाल वाहू देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर मोजमापे करून दाखविले, की पुरुषाच्या हातातून सरासरी सोळा मिलिअँपियर, म्हणजे एका अँपियरचा साठावा भाग, वीज गेली तरी मूठ सुटत नाही. फ्यूजला ज्याची दादही नाही, तेवढ्याने माणूस तारेला खिळतो. जाणारी आणि परत येणारी वीज यांची तुलना करून फरक दिसताच प्रवाह तोडणाऱ्या यंत्राचे प्रयोग १९५५ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी झाले. १९६१ साली डॅल्झिएल यांनी अवघ्या पाच मिलिअँपियरला तुटणारे यंत्र रचले. आपल्याकडे ज्याला आरसीसीबी म्हणतात, ते याच कुळातले. माणसाच्या रक्षणासाठी ते तीस मिलिअँपियरचे बसवितात.

या इतिहासातून रोपांच्या खोलीसाठी काय घ्यावयाचे? सहाशे वॅटचे दहा दिवे म्हणजे सहा हजार वॅट. २३० व्होल्टांना भागिले, तर सव्वीस अँपियर. चोकचा खर्च निराळा. घरगुती मोठ्या प्लगची ताकद सोळा अँपियर. म्हणून दिव्यांचे तीन गट करावे, प्रत्येकाला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी द्यावी. तिन्ही फेजांवर भार वाटला तर दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात. आणि न्यूट्रल सुटला तर काही दिव्यांवर दुप्पटीच्या जवळपास दाब येतो, हे विसरू नये. साऱ्या दिव्यांचा भार चिमुकल्या टायमरवर टाकू नये. त्याचे संपर्क वितळून चिकटतात आणि दिवा बंद झाला असे समजून माणूस हात घालतो. टायमरने कॉन्टॅक्टर चालवावा, कॉन्टॅक्टरने दिवे. सोडियम दिव्याच्या चोकपेटीतील कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही काळ भरलेला राहतो. प्रत्येक धातूच्या अंगाला अर्थिंग हवे, जोड बंद पेटीत आणि पाण्यापासून दूर हवेत. हे काम परवानाधारक ठेकेदाराने, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करावे, असा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होता, आजही आहे.

मालकाला हा खर्च जड वाटतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून काम भागविणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्या बचतीची किंमत ते स्वतः क्वचितच देतात. ती देते सकाळी अनवाणी, ओल्या जमिनीवर उभी राहून कुंड्यांना पाणी घालणारी बाई. म्हणून अशी झगमगती खोली कोणी कौतुकाने दाखवू लागला, तर पिकाचा भाव मागाहून विचारावा. आधी आरसीसीबीवरील चाचणीची कळ दाबून दाखव म्हणावे. दिवे तत्काळ विझले तर खोलीत पाऊल टाकावे. विझले नाहीत, तर त्या बाईला प्रथम बाहेर बोलवावे.