बाळंतिणीची खोली आणि करवीर संस्थान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानातील बाळंतपणे जवळजवळ सर्वस्वी सुईणींच्या हाती होती, आणि त्या काळाकडे पाहताना सुईणीला केवळ अज्ञानाची मूर्ती ठरविणे जितके सोपे तितकेच अन्यायाचे आहे. पिढीजात सरावाने तिचा हात तयार झालेला असे, मूल आडवे आहे की पायाळू हे पोटावरून हात फिरवून ती ओळखी, आणि वेळ-अवेळ न पाहता हाकेला धावून येई. मात्र ज्या विळ्याने वा पात्याने नाळ कापायची ते आधी उकळून घ्यावे, एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जाताना हात जंतुरहित करावेत, हे तिच्या परंपरेत नव्हते. युरोपातील वैद्यकालाही ते उशिराच उमगले. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस याने १८४७ मध्ये हात धुण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याच्या बहुतेक सहव्यावसायिकांनी तो मानला नाही.

या अज्ञानाची किंमत पहिल्या पंधरवड्यात मोजावी लागे. नाळेच्या जखमेतून शिरणारा धनुर्वात, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू ताठरून बाळाचे दूध ओढणे बंद पडण्याचा विकार, बहुधा जन्मानंतरच्या तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत प्रकट होतो; गर्भाशयाला जंतुसंसर्ग होऊन आईला येणारा सूतिकाज्वरही पहिल्या दहा दिवसांतलाच. पाचवीची पूजा, सटवीसाठी ठेवलेला कोरा कागद आणि लेखणी, त्या रात्रीचे जागरण, हे सारे याच दिवसांत येते, याकडे लक्ष दिले तर रूढीच्या मुळाशी असलेला अनुभव दिसू लागतो. बाळे केव्हा दगावतात हे घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. का दगावतात हे सांगणारे मात्र त्यांना कोणी भेटले नव्हते. सव्वा महिन्याची विश्रांती, अळीव, डिंकाचे लाडू, तेलाचे मर्दन यांनी बाळंतीण सावरे. उलट कोंदट अंधारी खोली, शेगडीचा धूर आणि पहिले घट्ट दूध, ज्याला चीक म्हणतात आणि ज्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात, ते टाकून देण्याची रीत यांनी बाळाची हानी होई.

संस्थानने १८८०च्या दशकात उभारलेल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांचा कक्ष होता, परंतु पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतील स्त्रिया धजत नसत, आणि त्यांच्या घरचे पुरुषही ते मान्य करत नसत. ही कोंडी फोडण्यासाठी संस्थानने ज्यांची निवड केली त्या आनंदीबाई जोशी यांचे कोल्हापूरशी नाते जुने होते. पती गोपाळराव यांच्या नोकरीमुळे त्या येथे राहिल्या होत्या, आणि कोल्हापुरात दीर्घकाळ काम करून अमेरिकेस परतलेल्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला गोपाळरावांनी लिहिलेले पत्र तेथे छापले गेल्यामुळेच आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची वाट सापडली. त्याआधी किशोरवयात त्यांना झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला होता. १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा; त्या निवडीमागे हे दुःख नव्हते असे म्हणणे कठीण आहे. संस्थानने त्यांना स्त्री-कक्षाच्या प्रमुखपदी नेमले, पण क्षयाने खंगून त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरच्या कक्षात त्यांना एक दिवसही काम करता आले नाही.

पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत ती उणीव कोल्हापूरच्याच एका कन्येने भरून काढली. संस्थानच्या स्त्रीशिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या रखमाबाई केळवकर यांच्या कन्या कृष्णाबाई यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९०२च्या सुमारास त्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात रुजू झाल्या, आणि प्रसूतिशास्त्राच्या अधिक शिक्षणासाठी महाराजांनी त्यांना विलायतेस धाडले. स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाचे वारे तेव्हा देशभर वाहत होते; परंतु कोल्हापूरचे वेगळेपण असे की येथे परदेशी डॉक्टरीणबाईची वाट पाहत न बसता, मराठीत बोलणारी आणि इथल्या घरांच्या रीतीभाती जाणणारी स्त्री त्या जागी आली. बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा ओलांडण्याचा हक्क पदवीइतकाच या ओळखीने मिळत असे.

तरीही शहरातल्या एका रुग्णालयाने गगनबावडा, राधानगरी वा शाहूवाडीच्या डोंगरी वाड्यांना काय मिळणार होते? पावसाळ्यात ओढ्यांनी वाटा अडवल्या की तेथे सुईणच उरे. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, आज सीपीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे जिल्ह्याचा भार आला, गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस मिळू लागली, आणि २०१५ मध्ये नवजात धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे अधिकृतरीत्या मान्य करण्यात आले. मात्र कमी वजनाचे बाळ गारठणे, त्याचा श्वास अडणे, त्याला जंतुसंसर्ग होणे यांवर घरीच उपाय होऊ शकतो, हे राणी आणि अभय बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून १९९९ मध्ये जगापुढे आले. गावच्याच प्रशिक्षित स्त्रीने घरोघर जाऊन बाळ तपासावे, ही त्यामागची कल्पना होती.

त्याच कल्पनेवर आधारलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार रुग्णालयात बाळंतपण झाले तरी आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, बाळाचे वजन आणि ताप पाहते, आणि आई नीट पाजते का हेही विचारते. तिची नोंदवही गावाची असते. परंतु ऊस गाळपाच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून कोल्हापूरच्या कारखान्यांसाठी ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, दिवस भरत आलेल्या बायका त्यांत कोयता चालवीत असतात, आणि फडाशेजारच्या कोपीत जन्मलेले बाळ ना माहेरच्या आशाच्या वहीत सापडते, ना सासरच्या. टोळी पुढच्या फडाकडे हलली की ज्या गावात ते जन्मले त्या गावची आशाही त्याला सातव्या दिवशी गाठू शकत नाही.