साठी, बुद्धी आणि १९७६ साल

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात एक मोठा दावा दडलाय हे लक्षातच येत नाही. आपल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर ही सरळसरळ इफ-देन कंडिशन आहे. वय साठ झालं की बुद्धी गेली! म्हटलं, या वीकेंडला ही कंडिशन जरा टेस्ट करून बघू.

गोष्ट सुरू होते १९०१ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफर्टला. ऑगस्टे डेटर नावाच्या बाईंना तिथल्या मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. स्वतःचं नाव लिहायला घ्यायच्या आणि मधेच विसरायच्या. डॉक्टरांचं नाव होतं अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये बाई वारल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मेंदूत चिकट गाठी आणि गुंतलेले धागे दिसले. १९१० मध्ये क्रेपेलिन या बड्या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

आता गंमत बघा. दाखल झाल्या तेव्हा ऑगस्टेबाईंचं वय होतं ५१. म्हणजे साठी अजून नऊ वर्षं लांब! म्हणून डॉक्टरांनी ठरवलं की हा तरुण वयातला एक दुर्मिळ आजार आहे. मग सत्तरीतला माणूस तसाच वागायला लागला तर? ते काय, म्हातारपणच. थोडक्यात काय, तर युरोप-अमेरिकेतलं वैद्यकशास्त्रसुद्धा पुढची कित्येक दशकं आपल्या म्हणीवरच चाललं होतं.

१९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर त्यात त्याच गाठी आणि तेच धागे. शेवटी १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने एका छोट्याशा संपादकीयात स्पष्ट लिहिलं की हे दोन्ही एकच आहेत. म्हातारपण नव्हे, आजार. आणि उलट बाजूने पाहिलं तरी म्हण नापासच होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे. उरलेल्या ९२ जणांची बुद्धी 'नाठी' झालेली नाही.

पण नुसतं 'हा आजार आहे' म्हटल्याने घरातल्यांचं काय हलकं होणार? याचं उत्तर शोधायला जपान-इंग्लंडला जायच्या आधी शेजारच्या गोव्यात जाऊ. २००१ मध्ये विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना लक्षणं बरोबर ओळखता येत होती, पण त्यांना तो आजार वाटत नव्हता. आजार नाही, म्हणून मदत मागणं नाही. आणि सांभाळणारी सून किंवा मुलगी आतल्या आत पिचून जाते.

मग गोव्यातच अमित डायस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबं घेतली. स्थानिक भाषा येणाऱ्या, बारावी झालेल्या लोकांना थोडं ट्रेनिंग दिलं आणि सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, घरी पाठवलं. आजार समजावून सांगायचा, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवायचं, मुख्य म्हणजे ऐकून घ्यायचं. पाठीशी तज्ज्ञ होते, पण घरात जाणारा माणूस साधा. त्यामुळे आजार बरा झाला नाही, पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य लक्षणीयरीत्या सुधारलं.

जपानने हेच अख्ख्या देशात केलं. २००४ मध्ये सरकारने आजाराचा जुना, हिणवणारा शब्द अधिकृतपणे बदलला. २००५ पासून दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळेतली मुलं यांना साधारण दीड तासाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. असे 'सपोर्टर' आता एक कोटीच्या वर आहेत.

आता आपलं सोलापूर. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. पूर्व भागातल्या विणकर घरांत आजीची पहिली भाषा तेलुगू, नातवाची मराठी मिसळलेली इंग्रजी. डिमेन्शियात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची मागे उरते. अशा वेळी तेलुगू बोलणारी शेजारीण आजींच्या जास्त उपयोगी पडते, पुण्यात बसलेल्या नातवापेक्षाही. कापड गिरण्या कधीच बंद पडल्या, पण एखादे आजोबा पहाटे उठून पहिल्या पाळीला निघाले, तर त्यांना हसायचं नाही, वादही घालायचा नाही, चहा पाजून गप्पा मारत घरी आणायचं, हे चौकातल्या कँटीनवाल्याला माहीत हवं.

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न आपलाच आहे. आपल्यापैकी अनेकजण पुण्यात, बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, आणि आई-बाबा गावी. रविवारच्या पंधरा मिनिटांच्या फोनवर 'सगळं ठीक' ऐकू येतं. आठवड्यात तिसऱ्यांदा साखर नेली हे आपल्याला कळत नाही, किराणा दुकानदाराला कळतं. एकच धुणं दोनदा धुतलं हे शेजारच्या काकूंना दिसतं. पण त्यांच्याही डोक्यात तीच म्हण असेल, तर ते हसतील आणि सोडून देतील.

गल्ली आपल्याकडे आहे, माणसं आहेत, भाषाही आहेत. कमी आहे ती दीड तासाच्या माहितीची. पुढच्या वेळी गावी गेलात की आई-बाबांच्या बीपीच्या गोळ्या तपासालच, पण जरा दुकानदारालाही भेटून या. आपला नंबर देऊन ठेवा आणि सांगा, 'काका, काही वेगळं वाटलं तर हसू नका, मला फोन करा.'